तरुण वादकांच्या बोटाला धरून ब्लूग्रासपर्यंत : नवख्यांसाठी काही पायऱ्या

ब्लूग्रास हे अमेरिकेतले, तारवाद्यांवर वाजणारे लोकवळणाचे संगीत. ते ऐकायला कुठून सुरुवात करावी असे एखाद्या जाणकाराला विचारले, तर तो बहुधा १९४६ सालची ध्वनिमुद्रणे पुढे करतो. सल्ला चुकीचा नाही. पण त्या तबकड्यांतला आवाज पातळ आहे, गायन फार उंच पट्टीतले आहे, लय अंगावर येणारी आहे, आणि ज्याच्या कानाला यातले काहीच ओळखीचे नाही असा मराठी श्रोता दोन-तीन गाण्यांनंतर ते बंद करून टाकतो. म्हणून या लेखात उलट वाट सुचवली आहे. आज विशी-तिशीत असलेले जे वादक हे संगीत वाजवत आहेत त्यांच्यापासून सुरुवात करावी, त्यांनी ते कोणाकडून उचलले याचा माग काढत मागे जावे, आणि जमल्यास एखादे वाद्य हातात घेऊन त्यांच्या पंगतीच्या टोकाला बसावे. ब्लूग्रासमध्ये हे शक्य आहे, कारण पंधरा वर्षांचा मुलगा आणि सत्तरीचे आजोबा यांच्यात शे-दोनशे धुनांचा सामाईक साठा असतो, आणि ज्याला तो येतो त्याला वय विचारले जात नाही.

पहिली पायरी : कान वाद्यांना सरावू द्यावा

ब्लूग्रासचा ठरीव संच पाच वाद्यांचा असतो : पाच तारांचा बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास. सहावे म्हणून पुष्कळदा डोब्रो येतो, म्हणजे मांडीवर किंवा गळ्यातल्या पट्ट्यावर आडवी धरून, तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवायची गिटार. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत वेगळी. वीज लावून वाजवायचे वाद्य सहसा नसते आणि ढोल-ताशा प्रकारातले तर काहीच नसते, त्यामुळे ठेका कोण धरतो हा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पडायला हवा. त्याचे उत्तर असे की चार मात्रांच्या आवर्तनात बास पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर पडतो, तर मँडोलिनवादक दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर तारा छेडून लगेच डाव्या हाताची बोटे सैल करतो, आणि त्यातून जो कोरडा, छाटल्यासारखा आवाज निघतो त्याला ‘चॉप’ म्हणतात. एक गाणे फक्त बास आणि चॉप यांच्याकडे लक्ष देऊन ऐकावे. तबल्याच्या ठेक्याला सरावलेल्या कानाला हे पंधरा मिनिटांत जमते, आणि ते जमले की बाकीचा गोंगाट आपोआप सुटा होऊ लागतो.

त्यानंतर बँजोकडे वळावे. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत नख्या घालून तो वाजवला जातो, आणि तीन बोटांनी चारच्या पटीतली लय भरायची असल्यामुळे आघात सतत पुढे-मागे सरकत राहतात. ब्लूग्रासमध्ये जी ओढ जाणवते तिचे एक मोठे कारण हे आहे. बँजोची पाचवी तार इतर तारांपेक्षा आखूड असते, ती पाचव्या पडद्याजवळून सुरू होते आणि उंच सुरात मिळवलेली असते. सतारीची चिकारी ज्यांच्या कानात आहे त्यांना तिचे काम समजावून सांगावे लागत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक सूचना देणे भाग आहे. आपल्याकडे ‘बेंजो’ म्हटले की मिरवणुकीतल्या बेंजो पार्टीचे वाद्य डोळ्यांपुढे येते, ज्यात टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारांचे सूर बदलतात. ते बुलबुलतरंगाचे भावंड आहे आणि त्याचे मूळ जपानी आहे. ब्लूग्रासच्या बँजोशी त्याचे नावापलीकडे नाते नाही. अमेरिकी बँजो हा पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांनी आपल्या आठवणीतल्या वाद्यांवरून घडवलेला आहे. दुकानात विचारताना किंवा जालावर शोधताना ‘पाच तारांचा’ हे शब्द सोडू नयेत, कारण चार तारांचाही एक बँजो मिळतो आणि तो जॅझचा आहे.

दुसरी पायरी : मूळ गोष्ट थोडक्यात

केंटकी राज्यातल्या रोझीन गावी १९११ साली जन्मलेला मँडोलिनवादक बिल मन्रो याने आपल्या राज्याच्या ‘ब्लूग्रास स्टेट’ या टोपणनावावरून आपल्या संचाला ‘ब्लू ग्रास बॉइज’ असे नाव दिले. १९३९ साली तो नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला, १९४५च्या डिसेंबरात त्याच्याकडे अर्ल स्क्रग्ज नावाचा बँजोवादक आला, आणि गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स असा जो संच जमला त्याने १९४६ साली केलेल्या ध्वनिमुद्रणांतून या संगीताचा साचा ठरला. १९४८ साली फ्लॅट आणि स्क्रग्ज बाहेर पडले. संगीतप्रकाराला संचाचे नाव पुढे लोकांनी दिले.

यातली एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मन्रोकडे आला तेव्हा स्क्रग्ज एकवीस वर्षांचा होता. तरुण वादक ब्लूग्रास ‘वाचवत’ आहेत असे आज कौतुकाने म्हटले जाते, त्यात थोडी विस्मृती आहे, कारण हे संगीत पहिल्या दिवसापासून पोरसवदा लोकांच्याच हातात होते. मार्टी स्टुअर्ट तेराव्या वर्षी लेस्टर फ्लॅटच्या संचात शिरला. रिकी स्कॅग्ज आणि कीथ व्हिटली हे दोघे शाळकरी वयात बँजोवादक राल्फ स्टॅनलीच्या संचासोबत फिरू लागले. फिडलवादक-गायिका ॲलिसन क्राउसचा पहिला एकल अल्बम १९८७ साली आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती, आणि मँडोलिनवादक क्रिस थिलीने आपला संच सुरू केला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. दर पिढीत कोणीतरी ‘आता हे संपले’ म्हणत असते आणि त्याच वेळी मैदानातल्या एखाद्या तंबूमागे दहा वर्षांचे पोर मँडोलिन जुळवत असते.

तिसरी पायरी : तिघा-चौघांना नीट ऐकावे

पहिल्या महिन्यात फार नावे गोळा करू नयेत. माझी निवड अशी आहे, आणि तिच्याशी कोणी सहमत नसेल तर त्यालाही हरकत नाही.

बिली स्ट्रिंग्ज याचे खरे नाव विल्यम अपॉस्टल. जन्म १९९२चा, लहानपण मिशिगनमधल्या एका छोट्या गावात गेले, आणि गिटार तो आपल्या सावत्र वडिलांच्या शेजारी बसून शिकला. मधल्या काळात तो कर्कश मेटल संगीत वाजवणाऱ्या संचांतही रमला होता. आज तो बर्फावरच्या हॉकीसाठी बांधलेली अवाढव्य सभागृहे भरवतो, रंगीत प्रकाशझोतांत एकेक धून लांबवत नेतो, आणि त्याच कार्यक्रमात मधेच थांबून शंभर वर्षे जुने भक्तिगीत अगदी साधे गातो. त्याला प्रथम ऐकणाऱ्याने त्याच्या लांबलेल्या वादनापासून सुरुवात करू नये. २०२२ साली त्याने त्याच सावत्र वडिलांबरोबर एक संपूर्ण अल्बम केला. तो आधी ऐकावा, कारण घरच्या ओसरीवर हे संगीत कसे वाजते आणि मुलगा बापाचा हात कसा धरतो हे त्यात कानांना दिसते.

मॉली टटल ही कॅलिफोर्नियाची. तिचे वडील पालो आल्टोमध्ये ही वाद्ये शिकवतात. २०१७ साली आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटना, म्हणजे आयबीएमए, हिच्या वार्षिक पुरस्कारांत गिटारवादनाचा मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. हे पुरस्कार १९९० पासून दिले जात आहेत, तेव्हा मधल्या सत्तावीस वर्षांचा अर्थ वाचकानेच लावावा. मँडोलिनसाठी हाच मान पहिल्यांदा एका स्त्रीला, टेनेसीच्या सिएरा हल हिला, त्याच्या आदल्याच वर्षी मिळाला. हल दहाव्या वर्षी ऑप्रीच्या मंचावर उभी राहिली होती. टटलचे वादन ऐकताना उजव्या हाताकडे लक्ष द्यावे : इतक्या वेगातही प्रत्येक स्वर सुटा, टपोरा पडतो. हलच्या वादनात मात्र जिथे ती वाजवत नाही त्या जागा ऐकाव्यात.

चौथे नाव ट्रे वेलिंग्टन या बँजोवादकाचे. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगराळ भागात वाढलेला हा कृष्णवर्णीय तरुण २०१९ साली आयबीएमएच्या उदयोन्मुख वादकांच्या पुरस्काराचा मानकरी झाला. त्याला ऐकताना अर्नल्ड शल्ट्झ हे नाव माहीत असावे. शल्ट्झ हा केंटकीतला कृष्णवर्णीय गिटार आणि फिडलवादक १९३१ साली वारला, त्याचे एकही ध्वनिमुद्रण उरलेले नाही, आणि तरीही बिल मन्रो किशोरवयात त्याच्याबरोबर नाचाच्या कार्यक्रमांत वाजवत असे व त्याचे ऋण उघड मान्य करत असे. ज्या संगीताकडे कित्येक दशके फक्त गोऱ्या डोंगरी लोकांचे म्हणून पाहिले गेले, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे.

चौथी पायरी : एका वाद्याचा धागा धरून मागे जावे

नवख्याला सर्वांत जास्त लाभ इथे होतो, म्हणून घाई करू नये. गिटारचे उदाहरण घेऊ. मन्रोच्या संचात गिटारचे काम ठेका आणि साथ एवढेच होते. धून वाजवायचा अधिकार फिडल, बँजो आणि मँडोलिन यांना. नॉर्थ कॅरोलिनाचा डॉक वॉटसन, जो अगदी बालपणापासून अंध होता, १९५०च्या दशकात एका नाचाच्या संचात गिटार वाजवत असे. त्या संचात फिडलवादक नव्हता आणि लोकांना नाचायला फिडलच्या धुना हव्या असत, तेव्हा वॉटसनने त्या धुना गिटारवर बसवल्या. ती अडचण नसती तर आजचे ब्लूग्रास गिटारवादन कदाचित वेगळे असते.

कॅलिफोर्नियातला क्लॅरन्स व्हाइट याने पुढे ही रीत आणखी चपळ केली आणि लयीशी लपंडाव खेळणारी केली. १९७३ साली रस्त्यावरच्या अपघातात तो एकोणतिसाव्या वर्षी गेला. टोनी राइस नावाच्या मुलाने त्याला लहानपणी ऐकले होते आणि त्याची गिटार हाताळलीही होती; ती १९३५ साली बनलेली मार्टिन कंपनीची गिटार राइसने १९७५ साली शोधून विकत घेतली आणि आयुष्यभर वाजवली. राइस २०२० साली गेला. आज टटल किंवा स्ट्रिंग्ज यांची कोणतीही वेगवान धून ऐका, राइसचे वळण ओळखू येईल. राइस ऐकला की व्हाइट दिसेल, आणि दोघांच्याही मागे, फिडलवादक नसलेल्या त्या संचात, वॉटसन.

करायचे काय, तर ‘सॉल्ट क्रीक’ किंवा ‘ब्लॅकबेरी ब्लॉसम’ यांसारखी कोणत्याही जॅममध्ये, म्हणजे वर्तुळात बसून पूर्वतयारीशिवाय वाजवण्याच्या बैठकीत, हमखास वाजणारी एक जुनी धून निवडावी आणि आठवडाभर तीच ऐकावी. प्रथम आजच्या एखाद्या तरुण वादकाची, मग राइसच्या पिढीची, मग सापडेल तितकी जुनी. प्रत्येक वेळी दोन गोष्टी वहीत टिपाव्यात : धुनेचा कोणता भाग सगळ्यांनी जसाच्या तसा ठेवला आहे, आणि कोणी कुठे वळण बदलले आहे. एकच बंदिश चार घराण्यांच्या गायकांकडून ऐकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी हा व्यायाम नवा नाही. फरक इतकाच की इथे प्रत्येकाला एका पाळीत साधारण धुनेच्या एका फेरीएवढीच जागा मिळते आणि लगेच पुढच्याला वाट द्यावी लागते, त्यामुळे आलाप फुलवायला वाव नसतो. जे सांगायचे ते धावत्या गाडीतून सांगावे लागते.

गायनासाठीही असाच एक कानाचा व्यायाम आहे. ध्रुवपदाच्या, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या, ओळीत मुख्य आवाजाच्या वर एक आणि खाली एक असे दोन आवाज जोडले जातात. वरच्याला टेनर आणि खालच्याला बॅरिटोन म्हणतात. आपला कान एका सुरावटीवर वाढलेला असल्यामुळे हे तिन्ही आवाज सुरुवातीला एकच गोळा वाटतात. गोव्यातला मांडो जोडस्वरात गायला जाताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे लवकर उलगडते. इतरांनी टेनरचा आवाज गुणगुणत पाठ करावा; तो सुटला की गोळा फुटतो.

पाचवी पायरी : हातात काय घ्यावे

ज्याला फक्त ऐकायचे आहे त्याने ही पायरी ओलांडून पुढे जावे. ज्याला वाजवायचे आहे त्याला माझा सल्ला गिटारचा राहील, कारण पोलादी तारांची साधी गिटार पुण्यात, मुंबईत, पणजीत कुठेही मिळते आणि तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सुरांचे गट, आले की जॅममध्ये उपयोगी पडता येते. नायलॉनच्या तारांची गिटार घेऊ नये. तिचा आवाज बँजोपुढे ऐकूच येत नाही. सोबत तारा छेडायचे जाड, न वाकणारे पिक आणि एक कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणारा चिमटा, घ्यावा.

मँडोलिनला चार जोड्यांत आठ तारा असतात आणि त्या व्हायोलिनप्रमाणेच जी-डी-ए-ई अशा मिळवतात, त्यामुळे ज्या घरात पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन आहे तिथल्या मुलाला डाव्या हाताची बोटे आयती मिळतात. हे वाद्य आपल्याला अगदी परके नाही. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले लक्ष्मीकांत कुडाळकर मूळचे मँडोलिनवादक होते. मात्र दुहेरी तारा कोवळ्या बोटांना कापतात. मूल कुरकुरले तर रोजचा सराव दहा मिनिटांवर आणावा, पण तो मोडू देऊ नये.

आता पट्टीचा हिशेब. ब्लूग्रासमध्ये नेहमी लागणाऱ्या पट्ट्या जी, ए आणि डी, म्हणजे आपल्या हार्मोनियमच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी सहा आणि पांढरी दोन. मन्रोला उंच गायला आवडे, म्हणून त्याच्या परंपरेतली कितीतरी गाणी काळी पाच आणि पांढरी सात या पट्ट्यांत गातात. गिटारवाल्याला यासाठी नवी बोटे शिकावी लागत नाहीत : पांढरी पाचचीच बोटे ठेवून कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावला की पांढरी सहा, तिसऱ्यावर काळी पाच, चौथ्यावर पांढरी सात. कॉर्डना नावांऐवजी आकडे देण्याची पद्धत आहे आणि बहुतेक गाणी एक, चार, पाच एवढ्यांवर भागतात. ज्याला सरगम येते त्याने त्यांना षड्ज, मध्यम आणि पंचम यांच्यावर उभे राहिलेले कॉर्ड समजावे. गाण्याची पट्टी कोणतीही असो, हिशेब बदलत नाही.

शिकण्याची जुनी रीत कानाने शिकण्याची आहे. पूर्वी तरुण पोरे ३३ फेऱ्यांची तबकडी १६ फेऱ्यांवर लावत, म्हणजे वेग निम्मा होई आणि सूर साधारण एका सप्तकाने खाली येई, आणि मग एकेक स्वर उतरवून घेत. आता यूट्यूबवर सूर न बदलता वेग अर्धा करता येतो. स्वरलिपी किंवा तारांच्या आकड्यांची पाने मदतीला ठेवायला हरकत नाही, पण त्यांवर विसंबणारा माणूस जॅममध्ये अडतो, कारण तिथे पाने नसतात.

सहावी पायरी : मुले कुठे घडतात हे पाहावे

इतक्या लहान वयात ही मुले तयार कशी होतात, असे आश्चर्य वाटते. प्रतिभा असतेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांना रोज मोठ्यांच्या शेजारी बसायला मिळते. रिकी स्कॅग्ज सहा वर्षांचा असताना, १९६० साली, त्याच्या गावाजवळच्या कार्यक्रमात बिल मन्रोने त्याला मंचावर उचलून घेतले, स्वतःच्या मँडोलिनचा पट्टा त्याच्या गळ्यात बसेल असा आखूड करून दिला आणि वाजवायला लावले. ही गोष्ट ब्लूग्रासच्या जगात वारंवार सांगितली जाते.

ज्यांच्या घरी कोणी वाजवणारे नाही अशा मुलांसाठी व्यवस्थाही उभ्या आहेत. नॉर्थ कॅरोलिनाच्या स्पार्टा गावातल्या शाळेत समुपदेशक असलेल्या हेलन व्हाइट यांनी २००० साली ‘ज्युनिअर ॲपलाचियन म्युझिशियन्स’ हा उपक्रम सुरू केला. शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो आणि गिटार हातात देऊन कानाने शिकवायचे अशी त्याची रीत असून तो आता आसपासच्या राज्यांतही पसरला आहे. कॅलिफोर्नियात ‘किड्स ऑन ब्लूग्रास’ या उपक्रमात महोत्सवाला आलेली मुले काही दिवस एकत्र तालीम करतात आणि मुख्य मंचावर वाजवतात; मॉली टटल त्यातूनच पुढे आली. टेनेसीच्या जॉन्सन सिटीतल्या ईस्ट टेनेसी राज्य विद्यापीठात ब्लूग्रासचे शिक्षण १९८२ पासून चालू आहे, आणि वेलिंग्टन तिथलाच विद्यार्थी. विद्यापीठात गेल्याने हे संगीत इस्त्री केल्यासारखे होते, अशी तक्रार अधूनमधून ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही, परंतु तिथली मुले संध्याकाळी गावातल्या जॅममध्ये जाऊन बसतात तोपर्यंत मला तिची फारशी काळजी वाटत नाही.

सातवी पायरी : प्रत्यक्ष कुठे जावे

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकाला ही पायरी सोपी आहे, आणि पुष्कळांना ती आपल्या दाराशी आहे हेच माहीत नसते. नॉर्थ कॅरोलिनात रॅले आणि केरीच्या परिसरात मराठी कुटुंबे बरीच आहेत. त्याच रॅलेमध्ये २०१३ ते २०२४ अशी बारा वर्षे आयबीएमएचा वार्षिक मेळा भरत होता, आणि २०२५ पासून तो टेनेसीच्या चॅटनूगा शहरात गेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्यांना जून महिन्यात ग्रास व्हॅलीला भरणारा कॅलिफोर्निया ब्लूग्रास असोसिएशनचा महोत्सव गाडीने गाठता येतो. नॅशव्हिलला गेलात तर १९७४ पासून चालू असलेल्या ‘स्टेशन इन’ या छोट्या जागेतल्या रविवार रात्रीच्या जॅमची चौकशी करावी. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला १९३५ पासून फिडलवादकांचे संमेलन भरते, आणि तिथे लहान मुलांच्या स्वतंत्र स्पर्धा असतात.

महोत्सवात तिकीट काढून केवळ मंचापुढे बसणाऱ्याचे अर्धे नुकसान होते. १९६५ साली व्हर्जिनियाच्या फिनकासलजवळ पहिला अनेक दिवसांचा ब्लूग्रास महोत्सव भरला तेव्हापासून लोक तंबू घेऊन येतात आणि रात्री गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत उशिरापर्यंत वाजवतात. संध्याकाळी मंचावर दिसलेला वादक मध्यरात्री अशा एखाद्या घोळक्यात सापडतो. खुर्ची, विजेरी आणि उबदार कपडा एवढे सोबत ठेवावे.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात राहणाऱ्याला असा मेळा जवळ मिळणार नाही, हे मान्य करायला हवे. पण भाषा आणि भूगोल यांची अडचण इतरांनाही होती : जपानमध्ये ताकाराझुकाजवळ १९७२ पासून ब्लूग्रास महोत्सव भरतो आणि चेक प्रजासत्ताकात तर बँजो बनवणाऱ्या कारागिरांचीही परंपरा आहे. दोन गिटार आणि एक मँडोलिन जमले की घरातल्या दिवाणखान्यात सुरुवात करता येते. आपल्या कानाला जवळचा असा एक दरवाजाही आहे. बँजोवादक बेला फ्लेक आणि बासवादक एडगर मायर यांनी मुंबईच्या उस्ताद झाकिर हुसेन यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले, आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासह चौघांनी केलेल्या ध्वनिमुद्रणाला २०२४ साली ग्रॅमी मिळाले. ते ब्लूग्रास नव्हे, पण बँजोची तीन बोटे तबल्याच्या बोलांशी कशी बोलतात हे त्यात ऐकले की पुन्हा स्क्रग्जकडे जाताना कान अधिक तयार असतो.

आठवी पायरी : जॅममध्ये बसणे

जॅम म्हणजे वर्तुळात बसून, कोणतीही पूर्वतयारी न करता, सर्वांना ठाऊक असलेली गाणी वाजवणे. भजनी मंडळात जसा एकजण अभंग उचलतो आणि बाकीचे धरतात, तशीच ही रीत आहे, आणि तिचे अलिखित नियम तितकेच कडक आहेत. पहिल्या खेपेला वाद्य पेटीतच ठेवून वर्तुळाबाहेर बसावे आणि फक्त पाहावे. दुसऱ्या खेपेला बाहेरच्या रांगेत बसून, हळू आवाजात, फक्त कॉर्ड वाजवावेत. नवशिक्यांसाठी संथ लयीचे जॅमही भरतात. बँजोवादक पीट वर्निक यांनी तर केवळ जॅममध्ये बसायला शिकवणारे वर्ग रूढ केले आहेत, आणि त्यांत एकट्याने वाजवण्याची सक्ती नसते.

ज्याची पाळी असेल तो गाण्याचे नाव आणि पट्टी सांगतो, लय दाखवून सुरुवात करतो आणि पुढचा सगळा डोलारा त्याच्या हाती असतो. कॉर्ड माहीत नसतील तर गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे पाहावे. बँजोवाल्याकडे पाहून काही कळत नाही. कोणी गात असताना त्याच्यावर चढून वाजवू नये. कोणी एकटा वाजवत असताना इतरांनी आवाज इतका खाली आणावा की त्याचा प्रत्येक स्वर ऐकू येईल, आणि हे जितके दिसते तितके सोपे नाही. वाजवण्याची पाळी वर्तुळात एकेकाकडे नजरेने दिली जाते. ती आपल्याकडे आली आणि नको असेल तर मान हलवावी, पुढचा उचलतो, कोणाला राग येत नाही. एकाच वेळी दोन बँजो असतील तर एकाने थांबलेले बरे.

स्वतःची पाळी आल्यावर तीन कॉर्डांचे, सर्वांना येणारे गाणे सांगावे. आपल्याला आवडते म्हणून अवघड वळणांचे गाणे काढणाऱ्याचा सगळ्यांना वैताग येतो. अशा गाण्याला ‘जॅम बस्टर’ असे नावच आहे. एखादी धून सुंदर वाजवणाऱ्या पोराला मध्यंतरात विचारावे की ही तू कोणाकडून शिकलास. उत्तर बहुधा मिळतेच, आणि ते वहीत लिहून ठेवावे, कारण पुढच्या आठवड्यात काय ऐकायचे हे त्यातून ठरते.

शेवटची खूण पायाची आहे. गाणे संपवायचे झाले की ज्याने ते उचलले तो बसल्या जागी एक पाय जमिनीपासून थोडा वर करतो, आणि ते आवर्तन पुरे होताच सगळे एकदम थांबतात. नवखा माणूस त्या वेळी आपल्याच बोटांकडे पाहत असतो आणि खोली शांत झाल्यावर दोन मात्रा एकटाच वाजत राहतो. सगळे हसतात, शेजारचा कोणी खांद्यावर थाप मारतो, आणि पुढच्या गाण्याची पट्टी सांगितली जाते.